सोळा जणांची तीन दिवसांची पायी भटकंती : पिण्याच्या पाण्याची व्यवस्था कशी ठेवावी?

विंध्यवाट
नमस्कार. इंदूरमधील आम्ही सोळा मराठी मंडळी कोजागिरीनंतरच्या आठवड्यात पातालपाणीच्या वरच्या अंगाने निघून कालाकुंडकडे उतरणार आहोत आणि पुढे चोरलच्या खोऱ्यातून, पाठीवर सामान घेऊन, तीन दिवसांत नर्मदेकडे जाणार आहोत. सर्वांत लहान सदस्या १२ वर्षांची आहे आणि सर्वांत ज्येष्ठ काका ६८ वर्षांचे आहेत. वाट, मुक्काम, शिधा हे सगळे ठरले आहे, मात्र पाण्याचा विषय निघाला की बैठक पुढे सरकत नाही.

त्याला कारण आहे. गेल्या वर्षी अकरा जण याच भागात दोन रात्री राहिलो होतो. प्रत्येकाला क्लोरीनच्या छोट्या गोळ्या दिल्या होत्या, एका बाटलीला एक गोळी असे सांगितले होते आणि सगळ्यांनी ते पाळलेही होते. तरीसुद्धा परतल्यावर दुसऱ्या दिवशी चार जणांना जुलाब सुरू झाले आणि त्यांतील एका मुलाला सलाइन लावावे लागले. त्याच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो. गोळ्या टाकूनही असे का झाले, हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. यंदा कोणती पद्धत वापरावी, माणशी किती पाणी धरावे आणि ही जबाबदारी कोणावर द्यावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

रामबागकर
वीस लिटरचे जार जीपने मुक्कामावर पोहोचवून ठेवावेत, म्हणजे प्रश्नच उरणार नाही.

विंध्यवाट
रामबागकर, पहिल्या मुक्कामापर्यंत गाडी जाते, परंतु दुसऱ्या मुक्कामाला रस्ता नाही. पाठीवर न्यायचे म्हटले तर एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे तीन दिवसांचे पाणी सोबत नेणे कोणालाच शक्य नाही. वाटेतले पाणीच पिण्यायोग्य करून घ्यावे लागेल.

नर्मदे_हर
ताई, आपली काळजी मी समजू शकतो, पण मला थोडे वेगळे वाटते. माझ्या आजोबांनी नर्मदेची पायी परिक्रमा केली होती. कमंडलूत मैयाचे पाणी भरून घ्यायचे आणि तेच प्यायचे, असा त्यांचा नेम होता व ते कधी आजारी पडल्याचे घरात कोणी सांगितले नाही. वाहते पाणी निर्मळ असते, हे आपल्या पूर्वजांनी अनुभवाने जाणले होते. साचलेले डबके टाळावे हे मान्य, पण खळाळत्या झऱ्याच्या पाण्यातही औषध घालावे, इतका अविश्वास कशासाठी?

जलपरीक्षक
पाणी तपासण्याच्या कामात माझी नोकरीची सगळी वर्षे गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

काका, आपल्या आजोबांच्या नेमाबद्दल मला आदर आहे. पण पूर्वजांच्या अनुभवाची दुसरी बाजूही आपल्या माळव्या-निमाडाने पाहिली आहे. जुन्या पिढीतील कोणालाही नारूविषयी, म्हणजे पायाच्या कातडीतून लांब किडा बाहेर पडणाऱ्या रोगाविषयी, विचारा. बावडीच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालून उभे राहायचे आणि तेच पाणी घागरीत भरून आणायचे, या रीतीतून तो रोग गावोगाव पसरत होता. नारूची अळी पाण्यातल्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या सायक्लॉप्स नावाच्या जिवात वाढते. हा जीव कापडातून जात नाही, म्हणून पाणी दुहेरी कापडाने गाळून पिणे हा साधा उपाय तिथे खरोखर लागू पडला. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. पाणी वाहते की साचलेले यापेक्षा त्यात काय मिसळले आहे, हेच महत्त्वाचे ठरते.

आता तुमच्या वाटेकडे येतो. पातालपाणीचा धबधबा पाहून हे जंगलातले पाणी आहे असे वाटते, पण धबधब्याच्या वर पठार आहे आणि त्या पठारावर वस्त्या, शेते व गुरांची कुरणे आहेत. खळाळल्याने पाण्याला हवा मिळते, पण वर बसलेल्या म्हशीचे शेण त्याने नाहीसे होत नाही. शिवाय माळव्यात पावसाळाभर सोयाबीनवर फवारणी होते. उकळून किंवा क्लोरीन घालून जंतू मरतात, कीटकनाशक मात्र पाण्यातच राहते. म्हणून शेतातून येणाऱ्या ओहोळाचे पाणी कोणत्याही उपायाने प्यायचे नाही, असे आधीच ठरवून टाका. गावात चालू हातपंप असेल तर तो पहिली पसंती समजा. काही मिनिटे हापसून पाणी वाहू द्यावे आणि मग भरावे. आपल्या बाजूच्या काही जिल्ह्यांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे, पण त्याचा त्रास वर्षानुवर्षे तेच पाणी प्यायल्याने होतो, तीन दिवसांत नाही. पंपावर लाल खूण असेल तर गावकऱ्यांना तिचे कारण विचारून घ्यावे.

नदीचेच पाणी घ्यावे लागले तर क्रम असा ठेवा. आधी पाणी भांड्यात निवळू द्या. गढूळ असेल तर तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवा, पूर्वी यासाठी निवळीचे बी उगाळत असत. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत, हा फरक सर्वांना सांगा. नंतर वरचे स्वच्छ पाणी जुन्या सुती साडीच्या चार घड्या करून त्यातून गाळा. कापड जुने हवे, कारण धुऊन धुऊन धागा फुगतो आणि विणीतली छिद्रे बारीक होतात. बांगलादेशातील खेड्यांत असेच जुन्या साडीतून पाणी गाळल्यावर पटकीचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटल्याचे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले होते. तेवढ्यावर मात्र थांबायचे नाही. गाळलेल्या पाण्यात पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात क्लोरीनची गोळी टाकून ते निदान ३० मिनिटे झाकून ठेवायचे. पाणी फार गार असेल तर याहून जास्त वेळ लागतो. पाण्यात माती किंवा पाचोळा राहिला तर क्लोरीन त्यातच खर्च होते आणि जंतूंसाठी पुरेसे उरत नाही. अर्ध्या तासानंतर पाण्याला क्लोरीनचा मंद वास यायला हवा. तो येत नसेल तर क्लोरीन पुरले नाही असे समजावे. खात्री करून घ्यायची असेल तर ओटी टेस्टची छोटी बाटली सोबत न्या, नमुन्यात थेंब टाकल्यावर पिवळी छटा आली म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे.

सुदामानगरची_काकू
मला तर उकळलेल्या पाण्याशिवाय कशावरच भरवसा वाटत नाही. आमच्याकडे पावसाळाभर रोज रात्री पातेले उकळते आणि त्याच पाण्यावर माझी दोन्ही नातवंडे वाढली. तीन दिवस सगळ्यांनी उकळलेलेच पाणी प्यावे, औषधाचे पाणी नको. एवढे कष्ट घेता येणार नाहीत का?

चिमणीबाग
काकू, उकळण्यासारखा खात्रीचा उपाय दुसरा नाही, यात वाद नाही. पण सोळा जणांचा हिशेब मांडून पाहा. पिण्यासाठी माणशी तीन लिटर आणि स्वयंपाकासाठी एक लिटर धरले तर दिवसाला ६४ लिटर पाणी होते. एक लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला उघड्यावरच्या शेगडीवर साधारण १५ ग्रॅम गॅस जातो, म्हणजे दिवसाला सुमारे एक किलो. सिलिंडरचे ओझे वेगळेच. जंगलात लाकडे तोडून चूल पेटवणे मला पटत नाही. आणि ६४ लिटर पाणी थंड कशात करायचे? ऑक्टोबरच्या उन्हात चालून आलेला माणूस कोमट पाण्यासाठी तासभर थांबत नाही, समोर झरा असला की ओंजळ भरतो.

ग्वाल्हेरकर
आमच्या पाच-सहा जणांच्या गटाचा अनुभव सांगतो. आम्ही हिमालयात पोकळ धाग्यांची गाळणी नेतो, तिची छिद्रे ०.१ मायक्रॉनची असतात आणि त्यातून जिवाणू व गिआर्डियासारखे परजीवी अडतात. चव बदलत नाही, थांबावे लागत नाही. विषाणू मात्र त्यातून निसटू शकतात, म्हणून वस्तीखालच्या नदीचे पाणी असेल तर गाळल्यावर गोळीही टाकतो. एकदा रात्री गाळणी तंबूबाहेर राहिली आणि आतले पाणी गोठले. धागे फुटल्याची शंका आल्यामुळे ती पुढे वापरता आली नाही, तेव्हापासून ती उशाशी घेऊन झोपतो. तुमच्याकडे गोठण्याचा धोका नाही, पण एकाच गाळणीवर सोळा जण अवलंबून राहू नयेत असे मला वाटते. गढूळ पाण्याने ती लवकर तुंबते आणि उलट दिशेने पाणी सोडून वारंवार धुवावी लागते.

उकळण्याबद्दल एक गोष्ट सांगतो. साडेतीन हजार मीटरवर पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळते, म्हणून २००० मीटरच्या वर तीन मिनिटे उकळी ठेवतात. तुमच्या वाटेवर खळखळून एक मिनिट पुरेसे आहे.

तांब्या_पितळ
तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेले पाणी चालणार नाही का? आमच्या घरी ही जुनी पद्धत आहे.

जलपरीक्षक
पंधरा-सोळा तास तांब्याच्या भांड्यात राहिलेल्या पाण्यातले जिवाणू मरतात, असे प्रयोगांत आढळले आहे. घरी ही सवय चांगली आहे, पण रोज ६४ लिटर पाण्यासाठी तेवढी भांडी आणि तेवढा वेळ वाटेवर कुठून आणणार? उन्हाचेही तसेच आहे. स्वच्छ पारदर्शक बाटली कडक उन्हात सहा तास आडवी ठेवली तर पाणी पिण्यायोग्य होते, ढगाळ हवेत मात्र दोन दिवस लागतात. एखाद दिवस एका जागी मुक्काम असेल तर हे करता येईल.

बडोद्याची_वाटसरू
मी बडोद्याहून लिहिते आहे. चैत्रात रामपुरा ते तिलकवाडा उत्तरवाहिनी नर्मदेची परिक्रमा होते, त्या गर्दीत मी दोन वर्षे पाणी वाटण्याच्या सेवेला होते, त्यातले जवळून पाहिलेले सांगते. माठात भरलेले पाणी चांगले होते. माठावर ओगराळेही ठेवले होते. पण माणूस घामाघूम होऊन येतो, ओगराळे उचलतो, पेला भरताना बोटे पाण्यात बुडतात आणि ओगराळे परत माठात सोडताना ते दांड्यासकट आत जाते. तासाभरात शंभर हात त्या माठात जाऊन येतात. दुसऱ्या वर्षी आम्ही तोटीचे पिंप ठेवले आणि तोटीला कोणी हात लावायचा नाही, ती फिरवायला एकच सेवेकरी, असा नियम केला.

विंध्यवाट ताई, आपल्या गटातही पाणी शुद्ध झाल्यानंतर त्याला किती हात लागतात ते एकदा पाहा. ज्या बाटलीने ओढ्यातून पाणी भरले तिच्याच तोंडाला तोंड लावून प्यायले, तर आतली गोळी तोंडाच्या आट्यांमध्ये अडकलेल्या कच्च्या पाण्याचे काय करणार? गोळी विरघळल्यावर झाकण थोडे सैल करून बाटली उलटी करावी, म्हणजे औषधाचे पाणी झाकणाच्या आट्यांतून पाझरते. कच्च्या आणि पक्क्या पाण्याची भांडी तर वेगळीच हवीत.

विंध्यवाट
ताई, हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते. आम्ही सगळ्यांनी ओढ्यात बाटल्या बुडवूनच भरल्या होत्या. पण मग अकरापैकी चारच जण आजारी का पडले?

डॉक्टरकाका
हाच प्रश्न मी विचारणार होतो. खाल्ल्यानंतर काही तासांतच उलट्या सुरू झाल्या असत्या तर मी आधी अन्नावर संशय घेतला असता. एक ते तीन दिवसांनी जुलाब सुरू होणे हे पोटात जंतू वाढल्याचे लक्षण असते आणि गिआर्डियाला तर एक-दोन आठवडेही लागतात. आपण एक काम करा. त्या चौघांना एकेकट्याने फोन करून त्या दोन दिवसांत त्यांनी काय खाल्ले, काय प्यायले ते विचारा आणि बाकीच्या सात जणांनाही तेच प्रश्न विचारा. जे चौघांनी केले आणि सातांनी केले नाही, ते शोधायचे आहे.

रामबागकर
शौचाला किती लांब जायचे तेही ठरवा. पाण्यापासून निदान ६० मीटर अंतर, खड्डा खणून माती टाकायची आणि परतल्यावर साबणाने हात धुवायचे. जो स्वयंपाकाला बसेल त्याने दोनदा धुवावेत.

विंध्यवाट
काल रात्री दहा जणांशी बोलणे झाले, अकरावी मीच आहे. जेवण सर्वांनी एकाच पातेल्यातून घेतले होते. पाणीही एकाच ओढ्याचे होते. फरक एकच सापडला आणि तो त्या मुलाच्या आईने स्वतः सांगितला. मुलांना गोळीचा वास आवडत नव्हता, म्हणून तिने गोळी टाकल्यावर लगेच बाटलीत संत्र्याच्या चवीची सरबताची पूड घातली होती. मग तिच्या मुलाबरोबर आणखी तिघांनीही तेच मागून घेतले. बाकी सातांनी साधे पाणी प्यायले होते. याचा संबंध असू शकतो का?

जलपरीक्षक
असू शकतो आणि बराच असू शकतो. अशा पुडीत बहुधा जीवनसत्त्व क घातलेले असते. ते क्लोरीनला निष्प्रभ करते, पाण्याचा वास घालवण्यासाठी लोक त्याचा उपयोग करतात तो याच कारणाने. लिंबाच्या रसानेही हे होते. गोळी टाकल्याबरोबर पूड घातली, तर क्लोरीनने जंतूंपर्यंत पोहोचायच्या आतच ते संपून जाते आणि वास गेला म्हणून आपल्याला पाणी चांगले झाले असे वाटते. तीच पूड अर्ध्या तासानंतर घातली असती, तर क्लोरीनचे काम तोवर झाले असते.

त्या माउलीला कृपया दोष देऊ नका. गोळीच्या पाकिटावर हे ठळक लिहिलेले नसते आणि मुलाने पाणी प्यावे म्हणूनच तिने ते केले.

डॉक्टरकाका
एका प्रसंगावरून हेच कारण होते असे मी ठामपणे म्हणणार नाही, पण चौघांची आणि सातांची विभागणी इतकी नेमकी आहे की यंदा हा नियम करायलाच हवा : अर्धा तास होईपर्यंत पाण्यात दुसरे काहीही पडणार नाही.

आणखी दोन गोष्टी सांगतो. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी गुरांच्या, विशेषतः वासरांच्या शेणातून पाण्यात येतो आणि तो क्लोरीनला दाद देत नाही, उकळल्याने मात्र मरतो. म्हणून काकूंचा आग्रह अर्धा तरी मान्य करा. रात्रीच्या स्वयंपाकानंतर आठ-दहा लिटर पाणी उकळून झाकून ठेवा आणि सकाळी ते १२ वर्षांच्या मुलीला व ६८ वर्षांच्या काकांना द्या.

दुसरी गोष्ट ओआरएसची. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महलनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले, आज जुलाबावरचा पहिला उपचार हाच आहे. पण पाकिटे दोन आकारांत मिळतात, एक २०० मिलिलिटरचे आणि एक लिटरचे. लिटरचे पाकीट पेल्यात विरघळवून मुलाला पाजल्यामुळे प्रकृती अधिक बिघडलेली मी पाहिली आहे. सर्व पाकिटे एकाच मापाची घ्या, तीही लिटरचीच, आणि लिटरच्या बाटलीतच विरघळवा. पाकीट नसेल तर एक लिटर पिण्यायोग्य पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. रक्त पडले, लघवी थांबली किंवा मूल सुस्तावले तर वाट सोडून दवाखाना गाठायचा.

सुदामानगरची_काकू
डॉक्टरसाहेब, अर्धा आग्रह मान्य झाला तरी माझे समाधान आहे. रात्रीचे पाणी उकळायला मी स्वतः येते, गुडघे दुखले तरी चालेन.

नर्मदे_हर
सर्वांचे वाचले. नारूचा उल्लेख वाचून आमच्या मोठ्या आत्याच्या पायावरचा व्रण आठवला. लहानपणी आम्ही त्याबद्दल विचारले की त्या पदर ओढून घेत. वाहत्या पाण्याबद्दल मी लिहिले ते घाईने लिहिले, हे मान्य करतो. एकच विचारायचे आहे. तिसऱ्या दिवशी आपण मैयाच्या काठी पोहोचणार. तिथे तिचे पाणी ओठांना न लावता परत फिरणे मला तरी जमणार नाही. तिथेही गोळी टाकायची का?

जलपरीक्षक
काका, आपल्या प्रश्नाने मन भरून आले. मैयाचे पाणी उकळल्याने ते मैयाचे राहत नाही, असे थोडेच आहे? इंदूरच्या आपल्या नळाला येणारे पाणी म्हणजे मंडलेश्वरजवळच्या जलूदहून उपसून, शुद्ध करून सुमारे ७० किलोमीटर वर आणलेली नर्मदाच आहे. १९७८ पासून हे शहर तिच्यावर जगते आहे. आपण घाटापासून वर, वाहत्या धारेतून कमंडलू भरा, काठावर एक उकळी काढा, निवू द्या आणि मग अर्घ्य देऊन आचमन करा. मी सोबत असेन, शेगडी मी आणतो.

विंध्यवाट
सर्वांचे मनापासून आभार. कालच्या बैठकीत ठरले ते लिहिते.

वीस लिटरचे घडीचे दोन कॅन घेतले आहेत. कच्च्या पाण्याच्या कॅनला लाल दोरा बांधला आहे, पक्क्याला पांढरा आणि तोटी. ओढ्याकडे फक्त लाल दोऱ्याचा कॅन जाईल, कोणाचीही बाटली जाणार नाही. निवळणे, गाळणे, गोळी आणि झाकण हे काम रोज दोनच जणांकडे असेल आणि त्या दिवशी ते स्वयंपाकाला हात लावणार नाहीत. दिवसाला तीन-चार वेळा कॅन भरावा लागेल, म्हणून मुक्काम पाण्याजवळचेच धरले आहेत. निघताना प्रत्येकाच्या पाठीवर दोन लिटर पक्के पाणी असेल. ग्वाल्हेरकरांच्या सांगण्याप्रमाणे एक गाळणी जास्तीची म्हणून ठेवतो आहोत. सरबताची पूड एकाच डब्यात आहे आणि तो डबा गेल्या वर्षीच्या त्या मुलाच्या आईने स्वतःकडे मागून घेतला. अर्धा तास झाल्याशिवाय मी तो उघडणार नाही, असे तिने सर्वांसमोर सांगितले.

घड्याळ आणि वही १२ वर्षांच्या आमच्या सदस्येकडे दिली आहे. गोळी किती वाजता पडली ते ती लिहील आणि तिने हो म्हटल्यावरच पांढऱ्या दोऱ्याची तोटी सुरू होईल. काल घरी बादलीत गोळी टाकून तिने सराव केला, तेव्हा एकोणतिसाव्या मिनिटाला पाणी मागायला आलेल्या आजोबांना तिने एक मिनिट थांबवून ठेवले.

नर्मदे_हर
ते आजोबा म्हणजे मीच. थांबलो होतो.